'मेबी हॅपी एंडिंग' हे ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचं) म्युझिकल त्यातल्या कलाकारांसाठी बघावं का?

बघाच. गोष्ट भविष्यातल्या सोलची. ऑलिव्हर आणि क्लेअर हे मोडीत निघालेले दोन मदतनीस रोबॉट. डॅरन क्रिसला ऑलिव्हरसाठी २०२५ चा टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला, योग्यच आहे: ताठ मान, मोजून टाकलेली पावलं, कुंडीतल्या रोपाशी गप्पा. पण मला विचाराल तर भाव खाऊन जाते क्लेअर झालेली हेलन जे. शेन. ब्रॉडवेवरचं पहिलंच काम! क्लेअर नवं मॉडेल, म्हणून तिचं वागणं-बोलणं जास्त माणसासारखं. ती चार्जर मागायला दार ठोठावते, तिथेच नाटक पकड घेतं.

तिकीट काढण्याआधी त्या दिवशी कोण काम करतंय ते मात्र बघा. २०२५ च्या सप्टेंबरात आशियाई वंशाच्या क्रिसच्या जागी गोरा नट अँड्र्यू बार्थ फेल्डमन आला, तेव्हा आशियाई-अमेरिकन कलाकारांनी बरीच नाराजी व्यक्त केली होती.