पॅसिव्ह व्हॉल्यूमला प्रीॲम्प जोडण्याआधी ॲम्पचा गेन बघा

तुमची जोडणी अशी: २ व्होल्टचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा), ५० केचा (५० किलोओहमचा) ड्युअल पॉट, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकाच नॉबने कमी करणारा पॅसिव्ह व्हॉल्यूम, पुढे पाच मीटर केबल आणि २४ व्होल्टवरचा, टीपीए३११६ चिपचा ॲम्प बोर्ड. नॉब जरा हलवला की आवाज अंगावर येतो, हळू ठेवला तर डावी बाजू दबते, सूं आवाज कायम. मध्ये प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारा ॲम्प) घेऊ का, हा तुमचा प्रश्न.

नका घेऊ. गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते, कमी पडत नाहीये, उतू चाललाय.

या चिपला २०, २६, ३२ आणि ३६ डीबी असे चार गेन आहेत, आणि गेन वाढला की इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला दिसणारा ॲम्पचा रोध) घटतो: अनुक्रमे ६०, ३०, १५ आणि ९ किलोओहम. २४ व्होल्ट सप्लायवर आउटपुट जेमतेम १७ व्होल्ट आरएमएस निघतं. बोर्ड ३६ डीबीवर असेल तर ६३ पट, म्हणजे पाव व्होल्टातच ॲम्पचा दम संपला. म्हणून पॉट कायम तळाशी राहतो, आणि ड्युअल पॉटच्या डाव्या-उजव्या पट्ट्या एकमेकींशी सगळ्यात कमी जुळतात त्या तिथेच. सूं आवाज पॉटच्या पुढे, ॲम्पमध्येच तयार होतो. नॉबने तो कसा जाईल?

गेन २० डीबी करा. १० पट, म्हणजे २ व्होल्टला २०. तरी पुरून उरतं. पॉवर काढून बोर्डवर गेनच्या पिनचे दोन रेझिस्टर शोधा. ग्राउंडकडचा ५.६ के करा, जीव्हीडीडीकडचा (चिपच्या त्या नावाच्या पिनकडचा) काढून टाका. ३६ डीबीच्या बोर्डवर तिथे ४७ के आणि ७५ के सापडतील. गेन पॉवर चालू होतानाच वाचला जातो, त्यामुळे चालू बोर्डवर खटपट नको.

आता पॉट. त्याचा आउटपुट इम्पीडन्स जास्तीत जास्त त्याच्या एकूण ओहमच्या पाव: ५० केला १२.५, १० केला २.५ किलोओहम. पुढच्या ॲम्पचा इनपुट याच्या निदान दहापट हवा. २० डीबीवरचा ६० केचा इनपुट आणि १० केचा पॉट, जोडी जमली. तुमच्या ५० केवर पाच मीटर केबल (मीटरला १०० पिकोफॅरड धरा) ३० किलोहर्ट्झच्या आसपासच वरच्या फ्रिक्वेन्सी कापायला लागते. तानपुऱ्याच्या जवारीची धार थोडी बोथट होते, आणि तानपुऱ्यांचं मिरज शेजारी असताना ते कोण खपवून घेईल! १० केला तीच मर्यादा सव्वाशे किलोहर्ट्झच्या पुढे जाते. तरीही पॉट ॲम्पजवळ बसवा आणि लांब केबल डॅककडे ठेवा. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स मात्र १ किलोओहमच्या आत हवा.

पॉट ए१०के घ्या. ए म्हणजे लॉग (कानाला आवाज समान वाढतो असा वाटणारा), बी लिनिअर. दुकानात बहुतेक बीच हातात देतात. शाफ्ट तुमच्याकडे, पाय खाली: डावा ग्राउंड, मधला ॲम्पला, उजवा डॅकला. डाव्या पायाचं सोल्डर दोनदा तपासा. ते सुटलं तर नॉब कुठेही असो, आवाज जवळपास फुल्ल. पहिली चाचणी जुन्या स्पीकरवर घ्या.