इटलीहून आधुनिक चित्रांची पोस्टकार्डं आणायची आहेत, कुणाची घ्यावीत?

माझं मत विचाराल तर मोरांदी. जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) हा चित्रकार जन्मभर इटलीतल्या बोलोन्या शहरात राहिला आणि त्याच त्या बाटल्या, सुरया, डबे रंगवत बसला. त्याची बरीच चित्रं मुळातच फूट-दीड फुटाची, त्यामुळे कार्डावर फारशी आक्रसत नाहीत. याउलट पेलिझ्झा या इटालियन चित्रकाराचं कामगारांच्या मोर्च्याचं चित्र ‘चौथा वर्ग’ जवळपास साडेपाच मीटर रुंद; कार्डावर मोर्च्यातली माणसं मुंग्यांएवढी होतात!

मोरांदीत रंग मात्र नीट पाहा. त्याचे राखाडी, मातकट रंग छपाईत चटकन गुलाबी पडतात. बोलोन्यात त्याचं संग्रहालय आहे. आधी मूळ चित्रं बघा, मग कार्डं निवडा. मागे चित्राचं वर्ष आणि माप छापलेलं असेल तर उत्तमच.