मोटरहोमची मैल्याची टाकी रिकामी केली तरी भरलेलीच दाखवते आणि वासही जात नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: गाडी वापरलेली घेतलीत, तीन आठवडे एकाच जागी ड्रेनेजला जोडून राहिलात आणि त्या काळात मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच होता. आता व्हॉल्व्ह ओढला की बादलीभर गढूळ पाणी येऊन थांबतं, मीटर मात्र टाकी पूर्ण भरल्याचं दाखवतं, आणि फ्लश केलं की कुबट वास थेट तोंडावर येतो. कोणीतरी ड्रेन क्लीनर ओतायला सांगितलंय, तो ओतावा का, असं विचारलंय.

ओतू नका. त्या टाकीला आत्ता पाणी हवंय. भरपूर पाणी आणि दोन-तीन दिवसांचा वेळ.

हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्याही टाकीचं पहिल्याच वर्षी नेमकं हेच झालं होतं. घरच्या संडाससारखं सगळं आपोआप वाहून जाईल असं धरून आम्ही व्हॉल्व्ह उघडा ठेवला. पण घरी मैला पाण्याच्या लोटाबरोबर उतरत्या पाइपातून पुढे ढकलला जातो. गाडीत तो सरळ खाली, जवळजवळ सपाट तळाच्या टाकीत पडतो. व्हॉल्व्ह उघडा असला की पातळ भाग लगेच निघून जातो; जड माल आणि कागद पडला तिथेच बसतो. त्यावर दुसऱ्या दिवसाचा थर, त्यावर तिसऱ्या दिवसाचा. आम्ही टॉर्च मारून पाहिलं तेव्हा संडासाच्या भोकाच्या बरोबर खाली एक राखाडी टेकाड उभं होतं, वरून तडे गेलेलं, टोक भोकापासून वीतभर खाली. लाकडी काठीने हलकं दाबलं तर काठी रुतलीच नाही. आणि त्या टेकाडाच्या आजूबाजूची टाकी मात्र जवळपास रिकामी होती.

तेव्हा तुम्हीही आधी पाहून घ्या. हातमोजे घाला, खिडकी उघडा, फ्लशचं पेडल पूर्ण दाबून धरा आणि वरून टॉर्चचा उजेड सोडा. सिगारेट, लायटर, मेणबत्ती काहीही जवळ नको. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू असू शकतात. खाली पाण्याचा पृष्ठभाग चमकला तर दुखणं मीटरचं किंवा व्हॉल्व्हचं आहे. कोरडा ढीग दिसला तर पुढचं वाचा.

व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकी तीन-चतुर्थांश भरेपर्यंत पाणी सोडा. अंघोळीला घेतो तेवढं गरम चालेल, उकळतं नको. टाकी प्लास्टिकची असते आणि व्हॉल्व्हच्या सीलना फार उष्णता सोसत नाही. त्यात एन्झाइम आणि जिवाणू असलेलं टाकीचं औषध, बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका. हे जिवाणू कागद आणि मैला पचवतात, पण त्यांना ओलावा लागतो, ऊब लागते आणि वेळ लागतो. निदान 24 तास तसंच राहू द्या. आमचा ढीग पहिल्या दिवशी ढिम्म हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी लावली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली.

भिजल्यावर गाडी थोडी फिरवता आली तर फार बरं. ब्रेक, वळणं, चढ-उतार यांनी पाणी आत आपटतं आणि सुटलेला गाळ ढवळून निघतो. फक्त वजनाचा विचार करा: 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो, आणि ते टाकी आहे त्या बाजूच्या चाकांवर येतं. गोड्या पाण्याची टाकी त्या दिवशी भरून घेऊ नका. मग डंप स्टेशनवर (गाड्यांचा मैला सोडायच्या ठरलेल्या जागी) जाऊन एका झटक्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघडलात तर पाणी निघून जाईल आणि गाळ तिथेच राहील.

इथे एक छोटी वस्तू फार उपयोगी पडते: व्हॉल्व्हच्या तोंडाशी लावायचा पारदर्शक कोपर, म्हणजे पाइपाचा वळलेला तुकडा. त्याच्यातून काय जातंय ते दिसतं. आमचं पहिलं पाणी तपकिरी आलं आणि थांबलं. दुसऱ्या भिजवणीला कागदाचे लोळे आले. तिसऱ्या खेपेला कोपर क्षणभर काळा पडला, नळी जागेवरून उचलली गेली आणि मग जो लोट आला तो मिनिटभर थांबलाच नाही. चौथ्या खेपेला पाणी नितळ होतं. तुमच्या दोन खेपा लागतील किंवा पाच, पण पहिल्या खेपेत काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. मधल्या वेळात संडासातून आत घालायची लवचिक फवारणी नळी मिळते, तिने ढिगाच्या बुडाशी पाण्याचा मारा करा. लोखंडी सळई किंवा गटार साफ करायची स्प्रिंग खुपसू नका. टाकीची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि तिच्यातच सेन्सर बसवलेले असतात. एवढं करूनही ढीग फुटला नाही तर जोराच्या पाण्याने टाक्या धुणारे व्यावसायिक असतात, त्यांना बोलवा. त्यांचं हे रोजचं काम आहे, संकोच करू नका.

आता ड्रेन क्लीनर का नको, तेही सांगते. त्यातली तीव्र अल्कली किंवा आम्ल व्हॉल्व्हची आणि संडासाची रबरं खराब करतं, कामाचे जिवाणू मारतं, आणि टाकी रिकामी करताना शिंतोडे उडतात तेव्हा ते हातावर-डोळ्यांवर येतं. ब्लीच तर त्याहून वाईट. लघवीपासून टाकीत अमोनिया तयार होतो. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो, आणि तुम्ही त्या वेळी हातभर रुंदीच्या बंद खोलीत उभे असता. बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवा, ते टाकी घासून काढतात, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. आम्ही दोनदा केलं. बर्फ तरंगतो आणि विरघळतो. तळाचा गाळ होता तसाच राहतो. अपाय काही नाही, पण वेळ जातो.

तुमच्या गाडीला टाकी आतून धुण्याचं बाहेरचं तोंड असेल तर ते जरूर वापरा, पण व्हॉल्व्ह बंद ठेवून त्यातून पाणी भरत असाल तर तिथून हलू नका. टाकी भरली की पाणी संडासातून गाडीत किंवा हवेच्या पाइपातून छपरावर येतं, आणि त्या आधी काही इशारा मिळेलच असं नाही. मी नळाखाली 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजते आणि त्यावरून टाकीचा वेळ ठरवते. धुण्याच्या तोंडातून पाणी नळापेक्षा हळूच जातं, त्यामुळे हा हिशेब सुरक्षित बाजूलाच राहतो. या कामाची नळी वेगळ्या रंगाची ठेवा आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीशेजारी कधीही गुंडाळून ठेवू नका.

एकदा टाकी साफ झाली की ती साफ ठेवणं अवघड नाही. मैल्याचा व्हॉल्व्ह कायम बंद, ड्रेनेजला जोडलेले असलात तरी. टाकी निदान दोन-तृतीयांश भरली की मगच सोडा, म्हणजे पाण्याला जोर राहतो. भरली नसेल आणि निघायचं असेल तर वरून पाणी ओतून भरा. आधी मैल्याची टाकी सोडायची, तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. आणि रिकामी केल्यावर लगेच 10 ते 15 लिटर पाणी आत ओतायचं, त्यात औषध टाकायचं. तुमचा तो ढीग बंद व्हॉल्व्ह आणि हे पाणी, या दोन गोष्टींनी टळला असता: तळ कायम पाण्याखाली असला की सहसा काही चिकटत नाही. पाणी वाचवायच्या नादात लोक फ्लशला कपभर पाणी वापरतात. मोठ्या फ्लशला संडासाचं वाडगं अर्धं भरेपर्यंत पाणी घ्या आणि मगच पेडल दाबा.

कागदाची परीक्षा घरीच करता येते. झाकणाच्या बरणीत पाणी घ्या, कागदाचा एक तुकडा टाका आणि दहा-बारा वेळा हलवा. त्याचा चुरा झाला तर तो कागद चालेल, अख्खा तुकडा तरंगत राहिला तर टाकीतही तसाच राहील. ओले वाइप्स मात्र पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकीत जाऊ देऊ नका. ते विरघळत नाहीत, व्हॉल्व्हच्या पात्यात अडकतात, आणि दळून उपसणारा मॅसरेटर पंप असेल तर त्याच्या पात्यांना दोरीसारखे गुंडाळले जातात.

मीटरचं सांगायचं तर ते बहुतेक गाड्यांत फार भरवशाचं नसतं. टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूची टोकं असतात. पाणी तिथवर आलं की त्यांच्यातून किंचित वीज वाहते आणि दिवा लागतो. टोकांवर ओला कागद किंवा चिकट थर बसला की टाकी रिकामी असूनही दिवा लागलेलाच राहतो. ढीग निघाल्यावरही हे राहिलं तर टाकी अर्धी-अधिक भरून त्यात भांड्याचा द्रव साबण घाला, एक फेरी मारून रात्रभर ठेवा आणि सोडा. आमचे तीनपैकी दोन दिवे त्यानंतर ठीक झाले. तिसऱ्याकडे मी पाहत नाही. किती दिवस झाले ते मोजते आणि टॉर्चने बघते.

वास मात्र ढीग गेल्यावरही राहिला तर त्याचं मूळ दुसरीकडे असू शकतं. संडासाच्या वाडग्यात रात्री थोडं पाणी ठेवा. सकाळी ते गेलेलं असेल तर खालचं रबरी कडं वायू अडवत नाहीये. आधी त्याची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, तरीही गळलं तर कडं बदला. सिंक आणि शॉवरखालच्या वळलेल्या पाइपातलं वास अडवणारं पाणी गाडी उभी राहिली की सुकतं, तिथे प्रत्येकी पेलाभर पाणी ओता. सिंकखाली हवा आत घेणारा छोटा झडप-व्हॉल्व्ह असतो, तो अडकला की सांडपाण्याच्या टाकीचा वास स्वयंपाकघरात येतो. छपरावरचा हवेचा पाइप पक्ष्यांच्या घरट्याने किंवा पानांनी बुजलेला नाही ना, तेही पाहा. आणि फ्लश करताना छताचा पंखा बंद ठेवा. तो हवा बाहेर खेचतो आणि पेडल उघडलं की ती हवा टाकीतूनच येते. आम्हाला हे कळायला वर्ष लागलं.

सांडपाण्याच्या टाकीला लोक निरुपद्रवी समजतात, पण तूप-तेल आत गेलं की तिचा वास मैल्यापेक्षा उग्र होतो. ताटं धुण्याआधी कागदाने पुसा, शॉवरच्या जाळीवरचे केस काढा. तेवढं पुरतं.

शेवटी, तुमची गाडी वापरलेली आहे म्हणून एक. मैला सोडायच्या पाइपाचं टोपण उघडण्याआधी खाली बादली ठेवा आणि टोपण हळू फिरवा. जुन्या व्हॉल्व्हचं पातं पूर्ण बसत नसेल तर पाइपात साठलेलं सगळं तुमच्या पायावर येईल. असं झालं तर व्हॉल्व्ह बदलणं फार अवघड नसतं: बऱ्याच गाड्यांत तो चार बोल्टवर बसतो, बोल्ट काढून नवं पातं आणि दोन नवे सील घालायचे. पण टाकी रिकामी करून, दोनदा धुऊन मगच त्याला हात लावा. ते होईपर्यंत बाहेरच्या तोंडाला फिरवून बसवायचा दुसरा व्हॉल्व्ह मिळतो, तो लावून ठेवा.