अनपेक्षित उडीच्या बोलीचा अर्थ

ब्रिजमध्ये भिडूने अचानक दोन पायऱ्या गाळून बोली लावली, तर घाईने पास देऊ नका. हीच बोली खालच्या पायरीवर लावता आली असती, तरी तो वर का गेला, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

तुम्ही एक इस्पिक (म्हणजे इस्पिक हुकूम धरून सात हात करण्याची बोली) बोललात आणि भिडूने थेट चार किलवर म्हटले. किलवर खरेच असते, तर दोन किलवर पुरेसे होते. म्हणून बहुतेक जोड्यांत या उडीचा अर्थ असा की इस्पिकाची किमान चार पाने आहेत, गेमपुरती, म्हणजे चार इस्पिक करण्याइतकी, ताकद आहे आणि किलवराचे एकच पान आहे किंवा एकही नाही. मडगावात पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी या बोलीवर पास दिला आणि हुकमाचे एकच पान असलेल्या भिडूला किलवरचा डाव खेळावा लागला. त्याचा चेहरा अजून आठवतो.

आता तुमचे किलवर पाहा. अठ्ठी, पंजी, दुर्री असेल तर आनंद माना, कारण एकच हात जाईल, उरलेली दोन पाने भिडूच्या हुकमाने कापता येतील आणि दोघांच्या मोठ्या पानांचे मिळून सव्वीस गुण असतानाही सहा इस्पिक, म्हणजे बारा हात, होऊ शकतील. उलट राजा-राणी असेल, तर ते पाच गुण जवळजवळ वाया गेले असे समजून चार इस्पिकांवर थांबा.

हे सारे भिडूशी खेळाआधीच ठरवा. प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास खुलासा बोली लावणाऱ्याने नव्हे, त्याच्या भिडूने करायचा असतो.