टायमिंग बेल्टचे 48 हजार आणि न विचारलेले 2 लाख 40 हजार

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 41, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, घरात आई, पत्नी आणि दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याहून 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस साडेतीन लाखांना आणली. मीटरवर 96 हजार किलोमीटर आहेत. मेकॅनिक म्हणतो, टायमिंग बेल्ट बदला. वॉटर पंपासकट खर्च 48 हजार. ते लिहितात: "गाडी फक्त रविवारी निघते, फार तर तुळजापूरपर्यंत. मार्चमध्ये आयुर्विम्याच्या पॉलिसीचा 2 लाख 40 हजारांचा हप्ता आहे, म्हणून हात आखडलाय. बेल्टचं काम दिवाळीवर ढकललं तर चालेल का? तुटलाच तर गाडीचा विमा आहेच. शिवाय या गाड्या दुर्मिळ होत चालल्यात, पुढे किंमत वाढेल. मग हा खर्च गुंतवणूक धरावा का?"

बेल्टचं आधी संपवू. ढकलू नका. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा. या गाडीच्या 1.8 लिटर टर्बो इंजिनात तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. एका सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह. हेड उतरवून ते सगळं नीट करायला सव्वादोन लाख लागतील, हा तुमच्याच मेकॅनिकचा अंदाज तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलाय. गाडी कमी चालते हा काही बचाव नाही. रबर नुसत्या वर्षांनीही कडक होतं, आणि सोलापूरचा एप्रिल-मे त्याला आणखी छळतो. मागच्या मालकाने बेल्ट कधी बदलला याची पावती तुमच्याकडे नाही. पावती नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं. दिवाळीपर्यंत थांबून वाचणार काय, तर 48 हजारांचं आठ महिन्यांचं व्याज, साडेतीन हजार रुपये. त्यापायी सव्वादोन लाखांचा धोका घ्यायचा? पंपही आत्ताच बदला. तो त्याच बेल्टवर फिरतो, नंतर बदलायचा तर मजुरी पुन्हा पडेल.

गाडीचा विमा हे पैसे देणार नाही. तो अपघात, चोरी आणि आगीसाठी असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेले असतात. इंजिनसाठी वेगळं संरक्षण विकतात, पण ते मुख्यतः पाणी शिरल्यावर कामाला येतं आणि वीस वर्षांच्या गाडीला सहसा मिळतही नाही.

आणि गुंतवणूक? आपल्याकडे गाडीला विंटेज म्हणून नोंदवायला 50 वर्षं पुरी व्हावी लागतात. तुमची गाडी 2056 मध्ये तिथे पोचेल, तेव्हा तुम्ही 71 वर्षांचे असाल. त्याआधी यंदाच पुनर्नोंदणी आली. वीस वर्षांवरच्या कारचं त्याचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 5 हजारांवरून 10 हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा. हा हौसेचा खर्च आहे आणि तुम्हाला परवडतो. खुशाल करा, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. त्या पॉलिसीबद्दल मी उलट विचारलं, तेव्हा हे कळलं: गेल्या मार्चमध्ये कारखान्याची कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज) मर्यादा 40 लाखांवर नेताना बँकेतल्या अधिकाऱ्याने "सोबत हेही करून टाका" म्हणत ती पुढे केली. 2025 ते 2034 दरवर्षी 2.40 लाख भरायचे, 2037 ते 2046 दरवर्षी 4.20 लाख मिळणार. "24 चे 42 लाख, हमखास!" पहिला हप्ता भरला सीसी खात्यातून. सीसीचा दर 11 टक्के. यंदाचाही तिथूनच भरायचा बेत आहे.

हमखास आहे, खरं. पण किती? प्रत्येक हप्ता बरोबर 12 वर्षांनी परत येतो, 2.40 चे 4.20 होऊन. याचा अर्थ वर्षाला पावणेपाच टक्के. तुम्ही 11 टक्क्यांनी पैसे उचलून पावणेपाच टक्क्यांवर ठेवताय, आणि तेही एकवीस वर्षांच्या करारात. पहिल्या हप्त्याचंच व्याज वर्षाला 26 हजार. दोन वर्षांत तुमचा बेल्ट, पंप आणि मजुरी निघाली असती. वर गंमत अशी, की सीसी असते सुतासाठी, कारखान्याच्या रोजच्या व्यवहारासाठी. ते पैसे घरच्या पॉलिसीकडे वळवलेले बँकेला चालत नाहीत, आणि ते वळवायला लावलं बँकेच्याच माणसाने! कर्जासोबत विमा गळ्यात मारणंही नियमात बसत नाही.

"पण एक हप्ता भरून झालाय, तो बुडेल ना?" हे तुम्ही दुसऱ्या पत्रात तीनदा विचारलंय. धरा की पूर्ण बुडाला, एक रुपया परत आला नाही. उरलेले नऊ हप्ते तुमच्या आणि पत्नीच्या पीपीएफमध्ये भरा. सध्याच्या 7.1 टक्क्यांनी प्रत्येक हप्त्याचे 12 वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास होतात. नऊ हप्त्यांचे 49 लाख. पॉलिसी दहाही हप्ते घेऊन 42 देणार होती. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, मान्य. पण तुम्हाला तर पीपीएफही आत्ता नको; आधी सीसीची उचल कमी करा. तिथे सुटणारे 11 टक्के कुठलीही योजना हमखास देत नाही.

यात विमाही आहे म्हणता. आहे, 24 लाखांचा. सीसी 40 लाखांची, तारण राहतं घर. उद्या तुमचं काही झालं तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही घर सुटत नाही, ही तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट आणि तिच्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. 1 कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला 20 ते 30 हजारांत बसेल. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय. तब्येतीची माहिती लपवू नका. आणि हा विमा हाती येईपर्यंत जुना बंद करू नका. हप्त्याच्या तारखेनंतर सवलतीचे तीस दिवस मिळतात, तेवढ्यात होतं.

पॉलिसी परत करायची मुदत होती कागद हाती पडल्यापासून तीस दिवस, ती कधीच उलटली. म्हणून आता विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा: कर्जमर्यादेशी जोडून विकली, परतावा फुगवून सांगितला, हप्ता परत द्या. त्या अधिकाऱ्याचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर छापून जोडा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. सोबत सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केल्यास मिळणारी रक्कमही लेखी विचारून ठेवा. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा हप्ता भरून वर्ष पुरं झालं की काहीतरी मिळतं. पण तक्रारीचा निकाल लागण्याआधी सरेंडरच्या अर्जावर सही करू नका, मग मिसेलिंगचा, म्हणजे चुकीचं सांगून विकल्याचा मुद्दा लंगडा पडतो.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. हप्ता सीसी खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना तुम्ही सही करून दिलेली आहे. ती रद्द करायचा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या, नाहीतर 20 मार्चला तुम्ही काहीही ठरवलेलं असलं तरी पैसे गेलेले असतील.