मीटिंग चर्चमध्ये आहे म्हणून नवऱ्याला थांबवू का?

न्यू जर्सीहून एका ताईंचा मेसेज आलाय. नवऱ्याची दारू हाताबाहेर गेली, डॉक्टरांनी औषधं दिली आणि एएला म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला जायला सांगितलं, तो जातोय आणि सध्या पीत नाहीये, पण मीटिंग चर्चच्या बेसमेंटमध्ये असते, शेवटी सगळे हात धरून येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात, आणि सांगलीहून सासूबाई रोज फोनवर विचारतात की पोराला बाटवणार तर नाहीत ना. आता तोही म्हणायला लागलाय की नकोच जायला.

ताई, त्याचं जाणं काही झालं तरी बंद होऊ देऊ नका, बाकीचं सावकाश बोलू.

सासूबाईंची शंका अगदीच हवेतली नाही. १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी हे सुरू केलं, तेव्हा दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींत जात होते. आपले दोष दुसऱ्या माणसासमोर कबूल करायचे, ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, रोज प्रार्थना आणि ध्यान, हे सगळं तिथूनच एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकेक करून पाळायच्या बारा गोष्टींत आलं. पण १९३९ ला एएचं पुस्तक छापायच्या वेळी त्यांच्यातलेच देव न मानणारे लोक अडून बसले आणि त्यामुळे पायऱ्यांमध्ये देवापुढे 'आम्हाला जसा समजला तसा' हे शब्द आले. आणि मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. धर्म कोणी विचारत नाही, फी नाही, चर्च फक्त जागा देतं, आणि प्रार्थनेच्या वेळी तो नुसता गप्प उभा राहिला तरी चालतं.

माझ्या ओळखीतले एक काका, इकडेच असतात, त्यांनी तिसऱ्या पायरीला, जिथे आपलं आयुष्य देवाच्या हवाली करायचं असतं, विठ्ठलावर भार टाकला. त्यांचा स्पॉन्सर, म्हणजे आधीच दारू सोडलेला आणि त्यांना वाट दाखवणारा एएतला माणूस, आयरिश कॅथलिक, रोज सकाळी कामावर जायच्या आधी काका त्याला फोन करतात आणि कालचा दिवस कसा गेला ते खरं खरं सांगतात. त्या माणसाने त्यांना एकदाही बायबल वाचा म्हटलेलं नाही. मला तर वाटतं आपल्याकडे वारकरी घरात वाढलेल्या माणसाला 'माझ्याच्याने होत नाही, तूच सांभाळ' हे म्हणणं मुळीच परकं नाही, अभंगांत दुसरं काय आहे.

एक मात्र बघून घ्या, सेलिब्रेट रिकव्हरी नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो. तो १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चने सुरू केला आणि तिथे येशूलाच उघडपणे तारणारा मानतात. नगर-वसईकडच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो जवळचा वाटू शकतो आणि त्यात वाईट काहीच नाही, पण तुमचा नवरा तिथे चुकून पोचला तर घाबरेल. आणि देवाचं नावच नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी आहे, ऑनलाइनही मीटिंग होतात.

अजून एक, तो परत प्यायला लागला आणि रोज भरपूर पीत असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेततं, आधी डॉक्टर.

तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनला जा. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये घरच्यांसाठीच ते उभं केलं. बाटल्या शोधणं, ऑफिसात खोटं सांगणं, पार्टीत त्याच्या ग्लासवर नजर ठेवणं, हे करून तुम्ही किती थकलाय ते तिथल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

सासूबाईंना सांगा की एएच्या मीटिंग महाराष्ट्रातही होतात, मराठीतून. आणि पुढचा फोन आला की तुम्ही उत्तरं देत बसू नका, फोन त्याच्याच हातात द्या. बाकी कोण येतं, काय बोलतं ते त्याने बाहेर सांगायचं नसतं, पण स्वतःचं तो आईला सांगू शकतो.