मॅकडोनाल्डांच्या लग्नात पाटलांनी कुठलं टार्टन घालावं?

प्रश्न असा: स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला मित्राचं लग्न, मित्र मॅकडोनाल्ड, आमंत्रणावर 'हायलँड पोशाख चालेल' असं लिहिलंय आणि तुम्ही पाटील. किल्ट, म्हणजे त्या पोशाखातला पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, घातला तर कुणी नाक मुरडेल का, आणि टार्टन, म्हणजे त्या कापडावरची रंगीत चौकटींची नक्षी, कुठलं घ्यायचं?

घाला बिनधास्त. अमक्या आडनावाचं टार्टन अमक्यानेच घालावं असा कायदा तिथे नाही. २००८ च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली, पण तिच्यात नक्षीची नोंद होते. ती कुणी अंगावर घालावी यात वही पडत नाही.

मुळात 'एक कूळ, एक टार्टन' ही रीत वाटते तितकी जुनी नाही. १७४६ च्या कलोडनच्या लढाईचं डेव्हिड मोरियरने काढलेलं चित्र बघा, एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळ्या चौकटी दिसतात. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा काहींना आपलं टार्टन कुठलं हेच सांगता येईना. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा सगळा थाट मांडला, आणि मग ज्याला त्याला आपापलं टार्टन हवंसं झालं. बॅनकबर्नच्या विल्सन गिरणीने नुसते आकडे दिलेल्या नक्ष्यांनाही कुळांची नावं चिकटली.

तरी दोन गोष्टी खरोखर टाळायच्या. राखाडी रंगाचं बाल्मोरल टार्टन राजघराण्याचं आणि राजाच्या बॅगपाइप वाजवणाऱ्याचं. लाल रॉयल स्ट्युअर्टही कागदोपत्री राजाचंच, पण ते बिस्किटांच्या डब्यावर गेल्यापासून कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट टोपीवरचा बिल्ला. त्यातलं चिन्ह कुळप्रमुखाच्या मालकीचं असतं. कुळातली माणसं ते पट्टा-बकलाच्या गोलात लावतात, भाड्याच्या पोशाखावर आपण ते लावायचं नाही. कपड्यापेक्षा याबाबतीत लोक जास्त हळवे आहेत.

आता माझी फजिती. 'कुणालाही चालतं' म्हणून मी एका मॅकडोनाल्डांच्याच लग्नाला ब्लॅक वॉच घालून गेलो. चालतंच ते, सरकारी पलटणीचं टार्टन. पण कॅम्पबेल कुळाचं टार्टनही नक्षीने तेच, फक्त रंग थोडे उजळ. आणि १६९२ मध्ये ग्लेन्कोला एका कॅम्पबेल अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शिपायांनी, ज्यांच्या घरी पंधरवडाभर जेवले त्याच मॅकडोनाल्डांची कत्तल केली होती. नवऱ्याच्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रात्री मुक्काम करणार नाही ना?" सगळे हसले, मीही हसलो, पण अर्थ मला घरी आल्यावर कळला.

म्हणून आधी नवऱ्याला विचारा. 'आमचंच घाल' म्हणाला तर तो मान समजा आणि खुशाल घाला. नाहीतर कुणालाही चालणारं हंटिंग स्ट्युअर्ट, किंवा जांभळट-हिरवं आयल ऑफ स्काय घ्या. इन्व्हरनेसचंही स्वतःचं टार्टन आहे, पण भाड्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. आपल्या भारतीयांपैकी सिंग आडनावाचं टार्टनही आहे, पाटील अजून कुणी केलेलं ऐकलं नाही.

घालताना: पूर्ण किल्टला साधारण ८ वार कापड, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभरच कमी. पण निऱ्या मागे येतात. धोतराच्या सवयीने पुढे घेऊ नका, मी आरशासमोर तेच केलं होतं. कंबर पँटसारखी खाली नाही, बेंबीच्या उंचीला. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून आरपार गेली की बसताना कापड ओढलं जातं आणि फाटतं, मग दुकानदार अनामत परत देत नाही.

उन्हाळ्यातलं लग्न असेल तर मापं आजच पाठवा.